झोपेची थकबाकी

"घरी आला की माणूस माणसात राहत नाही." ॲम्ब्युलन्सवर, अग्निशमन दलात, पोलिसात, आयसीयूत काम करणाऱ्यांच्या घरचे लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा हेच वाक्य घेऊन. कुणाची बायको येते, कुणाची आई, एखाद्या नर्सचा नवराही येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण काळजी तीच असते. आधी असा नव्हता, आता सारखा चिडतो, बोलत नाही, पोरांकडं बघत नाही. कामानं स्वभावच बदलला का? आणि बदललेला स्वभाव परत येतो का?

साताऱ्यात इतकी वर्षं समुपदेशन करताना या प्रश्नाचं माझं उत्तर पक्कं होत गेलं आहे. स्वभावाचा निकाल लावण्याआधी झोपेचा हिशेब मांडा. सगळं झोपेवर ढकलता येत नाही, हेही खरं. पण हिशेब मांडल्याशिवाय झोपेचं किती आणि मनाचं किती, ते वेगळं करता येत नाही. हे एका केसवरून सांगते. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना महेश आणि वैशाली म्हणू.

वैशालीताई पहिल्यांदा एकट्याच आल्या, कोरेगावकडच्या एका गावातून सकाळची एसटी धरून. महेश एका ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्सवर पायलट. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला या कामात पायलट म्हणतात. हायवेवरचे अपघात, तालुक्यातून साताऱ्याला आणि साताऱ्याहून पुण्याला रेफर होणारे पेशंट, हे रोजचं काम. घरी थोडी शेती, त्यात आलं लावलेलं. एक मुलगी, दुसरीतली.

"मॅडम, पोरगी उंबऱ्यावर पडली. कपाळ फुटलं, रक्ताची धार. मी घाबरून ह्यांना उठवलं. ह्यांनी एक डोळा उघडून बघितलं, म्हणाले, एवढ्यानं कोण मरत नाही. आणि कूस बदलून झोपले. मी शेजाऱ्याच्या गाडीवरून दवाखान्यात नेली, तीन टाके पडले." हे सांगताना त्या रडत नव्हत्या. पुढचं सांगताना रडल्या. "तेव्हापासून पोरगी त्यांच्याजवळ जातच नाही. आणि ह्यांच्या ते ध्यानातसुद्धा नाही."

आठवडाभरानं महेश आले. अंगानं भरलेले, डोळे लाल, बोलणं तुटक. त्यांची स्वतःची तक्रार वेगळीच होती आणि ती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. "मॅडम, मी दगड झालोय. पाठीमागं माणूस जातं, नातेवाईक ऊर बडवून घेतात, आणि मी बाहेर येऊन चहा पितो. आधी मला जेवण जायचं नाही. आता कायच वाटत नाही. माझ्यातच काहीतरी मेलंय."

म्हणजे नवरा आणि बायको, दोघांचाही निकाल एकच होता: हा माणूस आता असाच. अशा वेळी समुपदेशकालाही त्या निकालात सामील व्हायचा मोह होतो. कामाचा ताण, सतत मृत्यू बघणं, मग भावना गोठल्या, अशी गोष्ट लगेच जुळवता येते. ती खोटीही नसते. पण मी त्यांना आधी एवढंच विचारलं की, काल रात्रीपासून आत्तापर्यंत किती झोपलात? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "परवा झोपलो होतो."

झोपेचा हिशेब आम्ही वैशालीताईंच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मांडला. दुधाचा हिशेब त्या तिथंच लिहीत होत्या. त्याच चौकोनात महेश किती वाजता आडवे झाले, किती वाजता उठले, मधे किती वेळा उठावं लागलं ते लिहायचं. घरात खटका उडाला त्या दिवशी फुली. महेशना मी वेगळं, स्वतःच्या वहीत लिहायला सांगितलं होतं: चहा किती, तंबाखू किती वेळा, आणि गाडीवर असताना डोळा जड झाला तर कुठं.

दोन आठवड्यांनी ते पान घेऊन दोघं आले. पान बघूनच बोलणं निम्मं झालं. बारा तासांची ड्युटी, पण रिलीव्हर आला नाही की तीच चोवीस तासांची व्हायची. त्या पंधरवड्यात असं अनेकदा झालं होतं. सकाळी ड्युटी सुटली की मोटरसायकलवर गाव. घरी आले की अंघोळ, नाष्टा, आडवं व्हायला दहा. अकराला भावकीतलं कुणीतरी सोसायटीच्या कामासाठी हाक मारणार. बाराला पत्र्याचं छप्पर तापणार. चारला मुलगी शाळेतून येणार. आणि सुट्टीच्या दिवशी? सुट्टीच्या रात्री शेतीची लाईट. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची येते, त्या आठवड्यात पाणी रात्रीच धरावं लागतं. म्हणजे ज्या एका रात्री गाडी नव्हती, त्या रात्री महेश बॅटरी घेऊन आल्याच्या सरीत उभे. फुल्या बहुतेक सगळ्या कमी झोपेच्या दिवसांनाच चिकटलेल्या होत्या. मुलीचं कपाळ फुटलं तो दिवसही आम्ही मागं जाऊन काढला. त्याआधीच्या दोन दिवसांत महेश मिळून चार-पाच तास झोपले असतील.

इथं थोडं थांबून शरीराबद्दल सांगते, कारण ही माहिती मी प्रत्येक अशा घराला देते. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. झोपेत ते उतरतं. शिवाय शरीराचं एक घड्याळ आहे. पहाटे साधारण तीन ते पाच या वेळात ते माणसाला सगळ्यात खाली आणतं आणि दुपारी दोननंतर पुन्हा थोडं खाली आणतं. रात्रपाळी कितीही वर्षं केली तरी हे घड्याळ बहुतेकांचं पूर्ण फिरत नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची लक्ष देण्याची, चटकन हालचाल करण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ सालापासून प्रयोगांतून समोर आलेलं आहे. २४ तास जागं राहिलं तर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याकडं मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्या माणसाच्या हातात ॲम्ब्युलन्सची चावी कुणी देणार नाही. पण अठराव्या तासाला पुण्याचं रेफर आलं तर चावी दिली जाते, आणि घेणारा कर्तव्य म्हणून घेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. २००३ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली. पण त्यांना विचारलं, तर थोडी झोप येतेय, फार काही नाही, असंच ते सांगत होते. थकबाकी वाढत जाते आणि थकबाकीदाराला पत्ता नसतो. म्हणून "मला सवय आहे" हे वाक्य मी कधीच पुरावा म्हणून धरत नाही. महेशही तेच म्हणत होते.

आणि तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. झोप मोडली की राग, भीती पेटवणारा मेंदूचा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा भाग सैल पडतो. २००७ सालच्या एका अभ्यासात एक रात्र जागवलेल्या लोकांच्या मेंदूत, त्रासदायक चित्रं बघताना, हा भडका सुमारे ६० टक्के जास्त दिसला. उलट समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणं मंदावतं. म्हणजे एकाच वेळी माणूस पटकन चिडतो आणि समोरच्याचं दुखणं त्याला दिसत नाही. वैशालीताई ज्याला बदललेला स्वभाव म्हणत होत्या, त्याचं हे जवळजवळ शब्दशः वर्णन आहे. हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे हे मुद्दाम करत नाहीत." मी म्हटलं, नाही. पण पोरीला ते मुद्दामच वाटलं असणार, म्हणून ते निस्तरायचं काम त्यांचंच आहे.

महेशना खरं हलवून टाकलं ते यातल्या कशानंच नाही. त्यांच्या वहीतल्या एका ओळीनं. पुण्यात पेशंट सोडून पहाटे रिकामी गाडी घेऊन परत येताना खंबाटकीचा घाट चढल्याचं आठवत होतं, सुरूर फाटा आठवत होता. त्यानंतर एकदम वाढे फाटा. मधला आनेवाडीचा टोलनाका आठवतच नव्हता. टोलनाक्यावर दिवे असतात, गाड्यांची रांग असते, स्पीडब्रेकर असतात. तिथून गाडी त्यांनीच आणली होती. वहीत त्यांनी लिहिलं होतं, "टोल कधी गेला माहीत नाही."

अशा वेळी मेंदू काही सेकंद झोपून उठतो. डोळे उघडे असले तरी हे होऊ शकतं. ताशी ८० च्या वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६६ मीटर, आणि त्या ६६ मीटरवर चालवणारा कुणी नसतो. महेश बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाठीमागं ब्रदर झोपला होता. त्याला दोन लेकरं आहेत." ब्रदर म्हणजे ॲम्ब्युलन्सवरचा पुरुष नर्स. दगड झालेल्या माणसाला दुसऱ्याची लेकरं आठवत नाहीत. हे मी त्यांना तेव्हाच बोलून दाखवलं.

मग उपाय. पहिली गोष्ट डॉक्टरची. वैशालीताई म्हणाल्या होत्या की ते जोरात घोरतात आणि मधेच श्वास अडकल्यासारखा होतो. अशा माणसाला मी समुपदेशनावर ठेवून घेत नाही, आधी फिजिशियनकडे पाठवते, कारण झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर बाकी सगळं वाया जातं. तपासणीत तो निघाला नाही. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याची गोळी सुरू झाली.

दुसरी गोष्ट घरातली, आणि तिथं खरं काम होतं. महेशच्या आईंना दिवसा झोपलेला तरणाताठा मुलगा बघवत नव्हता. गावात कुणी आलं की त्याच हाक मारायच्या, "उठ रं, अमका आलाय." रात्रपाळीला जायच्या आधी संध्याकाळी दोन तास झोप मिळाली तर रात्र चांगली निघते. पण ती वेळ म्हणजे तिन्हीसांज. दिवेलागणीला अंथरुणात पडलेला माणूस म्हणजे घराला अवकळा, लक्ष्मी दारातून परत जाते, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना भेटायला बोलावलं. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालायचा माझा विचार नव्हता आणि गरजही नव्हती. मी त्यांना आनेवाडीच्या टोलनाक्याची गोष्ट सांगितली. महेशनी ती घरी सांगितली नव्हती. आईंनी पदराला डोळे पुसले आणि विचारलं, "मग कधी झोपवू त्याला?"

अशी माणसं घरात असली की निम्मी लढाई जिंकलेली असते. वेळ आम्ही मिळून ठरवली. रात्रपाळी असेल तेव्हा दुपारी तीन ते साडेपाच झोप. दिवा लावायच्या वेळी आईच उठवणार. दुपारची ती वेळ शरीरालाही मानवते. रात्रपाळीहून आल्यावर सकाळी नाष्टा हलका, आणि लगेच झोप. झोपायची जागा पत्र्याच्या खोलीतून मागच्या जुन्या मातीच्या खोलीत हलवली, खिडकीला जाड गोधडी लावली. महेशचा फोन आईंच्या ताब्यात. ड्युटीवरून फोन आला तरच उठवायचं. भावकीला सांगायचं कामही आईंनी अंगावर घेतलं. "पोरगं रात्रभर लोकांचे जीव वाचवून आलंय, दिवेलागणीनंतर या," हे त्या ज्या ठसक्यात सांगतात, तो मला किंवा वैशालीताईंना जमला नसता.

चहा आणि तंबाखूचं मात्र सोपं नव्हतं. रात्रभर चहा, पहाटे तीनला तंबाखूची गोळी, आणि सकाळी घरी येऊन झोप लागत नाही म्हणून कधीमधी क्वार्टर. हे चक्र या कामातल्या कितीतरी माणसांचं आहे आणि त्यात व्यसनी वृत्ती शोधत बसू नये. चहा-कॉफीतलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. तंबाखूतलं निकोटिनही जागं ठेवतं. दारूनं डोळा लवकर लागतो, पण पुढची झोप तुकड्यातुकड्यांची होते, घोरणं वाढतं. आम्ही एकच नियम केला: चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यात प्या, हवा तेवढा, पहाटे तीननंतर नाही. क्वार्टर बंद. तंबाखू अजून सुटलेली नाही.

गाडीवरची झोप हा वेगळा विषय आहे. कॉल नसताना गाडीतच वीस-पंचवीस मिनिटं डोळा लावला तर मोठा फरक पडतो. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा हिनं वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात २६ मिनिटांच्या डुलकीनंतर त्यांची सतर्कता आणि काम दोन्ही ठळकपणे सुधारलेलं दिसलं होतं. पण गाढ झोपेतून एकदम उठवलं तर पहिली पंधरा-तीस मिनिटं डोकं जड असतं, निर्णय चुकतात. ॲम्ब्युलन्सवाल्याची अडचण हीच की त्याला उठल्यापासून मिनिटभरात गाडी काढायची असते. म्हणून डुलकी लहान ठेवायची. उठल्यावर तोंडावर पाणी, केबिनमधला दिवा लावायचा, आणि कॉलचा पत्ता मोठ्यानं दोनदा म्हणायचा. ब्रदरनं तो परत म्हणून दाखवायचा. औषधाचा डोस असेल तर ब्रदरनंही तसंच. सोबतच्यानं परत म्हणून दाखवलं की चूक तिथंच सापडते. परतीच्या रिकाम्या गाडीत दोघांपैकी एकानंही जांभया मोजायला सुरुवात केली तर उजेड असलेल्या पंपावर किंवा ढाब्यावर गाडी बाजूला. पेशंट गाडीत नसताना पंधरा मिनिटं उशीर झाला तर कुणाचं काही जात नाही.

आणि सकाळी ड्युटी सुटल्यावरची मोटरसायकल. मला विचाराल तर चोवीस तासांतला सगळ्यात घातक प्रवास तोच. जबाबदारी उतरलेली असते, सायरन नसतो, ऊन कोवळं असतं आणि अंग सैल पडतं. महेशनी आता बेसवरच, म्हणजे ॲम्ब्युलन्स उभी असते तिथंच, अर्धा तास झोपून मग निघायचं ठरवलं. जमत नाही त्या दिवशी एसटीनं जातात.

इथपर्यंत सगळं महेशनी आणि घरच्यांनी करायचं होतं. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्यावर अन्याय केला असता. थकलेल्या माणसाला योगा करा, सकारात्मक राहा, असं सांगून ड्युटीचा तक्ता तसाच ठेवायचा, ही पद्धत मला मान्य नाही. अमेरिकेत २०१८ साली आपत्कालीन वैद्यकीय सेवेतल्या थकव्यावर तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पाळी २४ तासांहून कमी ठेवा, ड्युटीवर डुलकीची सोय द्या, चहा-कॉफी मिळू द्या, थकव्याबद्दल शिकवा, आणि प्रश्नावली वापरून तो मोजत राहा, असं सांगितलं आहे. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला संस्थेला उद्देशून आहे. त्याच देशात २०१२ सालच्या एका पाहणीत थकलेल्या ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांमध्ये स्वतःला इजा होण्याचं आणि पेशंटच्या बाबतीत चूक होण्याचं प्रमाण न थकलेल्यांच्या सुमारे दुप्पट दिसलं होतं. म्हणजे हा प्रश्न पायलटच्या घरातल्या भांडणाचा जेवढा आहे, तेवढाच मागं झोपलेल्या पेशंटचा आहे.

महेशच्या परवानगीनं मी त्यांच्या सुपरवायझरला पत्र दिलं आणि मग भेटले. त्यांचीही अडचण खरी होती. माणसं कमी, आणि फोन आला की गाडी निघायलाच हवी. आम्ही झेपेल तेवढंच मागितलं. डबल ड्युटीवर असलेल्या पायलटला दुसऱ्या बारा तासांत पुण्याचं रेफर द्यायचं नाही, जवळचे कॉल द्यायचे. डबल झाली तर पुढची पाळी सुट्टीची. बेसवर एक स्वच्छ पलंग आणि पंखा. पहिली गोष्ट त्यांनी मान्य केली, पलंग आला, दुसरी कधी पाळली जाते, कधी नाही.

पैशाचं बोलणं शेवटी निघालं, आणि ते निघेपर्यंत मी थांबले होते. कारण अनेकदा रिलीव्हर येत नाही एवढंच कारण नसतं. डबलचे पैसे मिळतात. आल्याच्या बेण्याचं कर्ज होतं, गाडीचा हप्ता होता. महेश काही वेळा स्वतःहून "मी थांबतो" म्हणत होते, हे वैशालीताईंना माझ्यासमोरच कळलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी वही मागवली. गाडीचा हप्ता संपेपर्यंत महिन्याला किती डबल कराव्याच लागतील हे दोघांनी काढलं, आणि त्याहून जास्त नाही असं ठरलं. शेतातलं रात्रीचं पाणी चुलतभावाला वाट्यानं दिलं. हा निर्णय महेशना सगळ्यात जड गेला. आपलं रान दुसऱ्याच्या हातात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला सोपी नसते.

साधारण महिन्याभरात झोप बरीच सुधारली. फुल्या कमी झाल्या. आणि मग महेशना जास्त त्रास सुरू झाला.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण इथंच घरची माणसं घाबरतात आणि सगळं सोडून देतात. झोप भरून निघायला लागली की दबलेलं वर येतं. माझ्या कामात मी हे वारंवार पाहते. एके दिवशी मुलीच्या शाळेच्या गणवेशाची घडी घालताना महेश एकदम हमसाहमशी रडायला लागले. काही महिन्यांपूर्वी कराडच्या अलीकडं एका अपघातात त्यांनी गणवेशातला एक मुलगा उचलला होता. तो दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही. त्या रात्री त्यांना पुढचे कॉल होते, सकाळी डबल लागली, संध्याकाळी लाईट आली होती. रडायला वेळच मिळाला नव्हता. "एवढ्यानं कोण मरत नाही" हे वाक्य कुठून आलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मुलीच्या कपाळावर रक्त बघून त्यांनी तिच्याकडं पाठ फिरवली, त्यात झोप होतीच, पण तो मुलगाही होता.

पुढची सत्रं त्या मुलाबद्दल झाली. काय दिसलं, काय करता आलं, काय त्यांच्या हातात नव्हतं. गाडी किती मिनिटांत पोचली, ब्रदरनं काय काय केलं, हे क्रमानं बोलून घेतलं. त्यांना वाटत होतं की आपण अजून जोरात चालवायला हवी होती. क्रमानं मांडल्यावर दिसलं की ते शक्यच नव्हतं. हे काम आधी करून चाललं नसतं. झोप न झालेल्या माणसाकडून असल्या आठवणी उघडून घेतल्या तर तो त्या पेलू शकत नाही, म्हणून मी क्रम बदलत नाही.

झोप सुधारूनही काही लोकांची बधिरता जात नाही. सलग महिनाभर तेच दृश्य डोळ्यांसमोर येत असेल, स्वप्नात घाबरून उठत असतील, रोज दारू लागत असेल, कामावर जायच्या नुसत्या विचारानं छाती भरत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं तोंडून निघत असेल, तर वाट बघू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही कामामुळं येणारी ही रिक्तता, कामाविषयी वाटणारा तुटलेपणा आणि आपल्यानं काही होत नाही ही भावना, कामाच्या ठिकाणच्या ताणातून उपजणारी गोष्ट म्हणूनच नोंदवली आहे. तो माणसाचा दोष धरलेला नाही.

आपत्ती आली की या लोकांचा थकवा सगळ्यांना दिसतो. २०१९ मध्ये सांगलीत महापूर आला, २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या, तेव्हा लोकांनी बचावाच्या माणसांना भाकरी बांधून दिल्या. ते योग्यच होतं. पण मला जास्त काळजी वाटते ती साध्या मंगळवारी रात्री तिसरा कॉल घेणाऱ्याची. त्याच्या थकव्याला बातमी नाही, म्हणून त्याच्या घरच्यांनी तरी तो ओळखावा असं वाटतं.

मुलीचं काय झालं, हे वाचणाऱ्यांना विचारावंसं वाटेल. महेशनी तिची माफी मागितली, सरळ शब्दांत: "त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं, चुकलं माझं." ती लगेच काही बोलली नाही. दोन-तीन आठवडे लांबूनच बघत राहिली. मग शाळेत सोडायला बाबाच पाहिजे असा हट्ट सुरू झाला, आणि रात्रपाळीच्या दिवशी तो पुरवायचा की नाही, यावर घरात नवीन वाद सुरू झाला. आम्ही ठरवलं की रात्रपाळीहून आल्यावर नाही. सुट्टीच्या दिवशी नक्की.

आता ते दोघं कधीमधी येतात. यंदा दिवाळीच्या आधी मुद्दाम आले होते, कारण ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या उतरतात आणि अपघाताचे कॉल वाढतात. हंगामाच्या चार-पाच महिन्यांचा ड्युटीचा तक्ता सोबत आणला होता. त्यात डबल ड्युटीला महेश कधी तयार आहेत ते आधीच लिहून सुपरवायझरला द्यायचं, त्या आठवड्यांत घरी पाहुणे बोलवायचे नाहीत, आणि ब्रदरच्या बायकोलाही हे सगळं वैशालीताईंनी सांगायचं, असं ठरवून ते गेले.